एकसारखे ऑब्जेक्ट एकदम सिलेक्ट कसे करायचे? लोकलच्या नकाशातले २९ ठिपके

रंगपेटी:

नमस्कार. मी दादरला एका छोट्या डीटीपीच्या दुकानात डिझाइनचं काम करते. गणपतीच्या आधीचे दोन महिने आमच्याकडे मंडळांच्या स्मरणिकांचे असतात. यंदा परळच्या एका मंडळाने शेवटच्या पानावर लोकल आणि मेट्रोचा नकाशा मागितलाय. त्यांच्या चाळींतली कितीतरी घरं आता विरार, बदलापूर, पनवेलला गेलीत आणि ती सगळी माणसं दर्शनाला गाडीनेच येतात. मला ही कल्पना फार आवडली, त्यामुळे नकाशा नीट व्हावा असं मनापासून वाटतंय.

मूळ फाइल कोणाकडेच नाही. हातात आहे ती जुन्या स्मरणिकेची पीडीएफ. इलस्ट्रेटर ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर नकाशा सुदैवाने व्हेक्टर निघाला, म्हणजे फोटोसारखा सपाट नाही, रेघा-आकारांचे ऑब्जेक्ट. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते विरार २९ स्टेशनं. त्यातली दादर, वांद्रे आणि अंधेरी ही तीन मोठी पांढरी वर्तुळं आहेत, काळी कड असलेली. राहिले २६ लाल ठिपके. त्यांचा रंग बदलायचाय आणि आकार थोडा वाढवायचाय.

एक ठिपका निवडला, सिलेक्ट मेनूतून सेम, त्यात फिल कलर (आतला रंग) केलं. २१ आले. राम मंदिर आलं नाही आणि नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार ही चार आली नाहीत. डोळ्याला सगळे ठिपके हुबेहूब सारखे दिसतात. असं का होतं?

निवांत मोकळी जागा:

पाचच तर राहिलेत. शिफ्ट दाबून क्लिक करा आणि मोकळ्या व्हा.

रंगपेटी:

@निवांत मोकळी जागा, आज तसंच केलं. पण मंडळाची मीटिंग दर रविवारी असते आणि दर सोमवारी रंग बदलून येतो. शिवाय मध्य, हार्बर आणि ट्रान्स-हार्बर बाकी आहे. प्रत्येक वेळी कोण आलं, कोण राहिलं हे मोजत बसले तर एखादा ठिपका जुन्या रंगात छापून जाणारच. मला कारण समजून घ्यायचंय.

चौकटीबाहेर:

मॅजिक वाँड वापरून बघितलंत का? वाय दाबलं की येतं. टूलवर डबल क्लिक केलं की पॅनल उघडतं, त्यात टॉलरन्स असतो, म्हणजे रंगात किती फरक चालेल तो आकडा. सीएमवायके (छपाईच्या निळी, गुलाबी, पिवळी, काळी ह्या चार शाया) फाइलमध्ये तो ० ते १०० असतो, आरजीबीमध्ये (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) ० ते २५५. 'सेम फिल कलर'ला आकडे तंतोतंत जुळावे लागतात, वाँडला थोडं इकडेतिकडे चालतं. टॉलरन्स ५ ठेवून एका ठिपक्यावर क्लिक करा.

रंगपेटी:

केलं! राम मंदिर आलं. आयड्रॉपरने बघितलं तर बाकीचे ठिपके ०/१००/१००/० आहेत आणि राम मंदिर ०/९६/९८/०. माझ्या डोळ्यांना कधीच कळलं नसतं. पण नायगाव ते विरार अजूनही नाहीत. टॉलरन्स १५ केला तर एक केशरी पट्टा आणि मंडळाच्या जाहिरातीचा लाल मजकूर आला, तरी हे चार नाहीतच.

जेजे_९४:

राम मंदिरचं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. ते स्टेशन सुरू झालं डिसेंबर २०१६ मध्ये. म्हणजे मूळ नकाशा त्याआधीचा असणार. नंतर कोणीतरी जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये एक ठिपका घातला आणि रंग नजरेने जुळवला. अशा फाइलमध्ये प्रत्येक दुरुस्तीचा थर वेगळा ओळखू येतो. प्रभादेवी बघा. २०१८ पर्यंत ते एल्फिन्स्टन रोड होतं. बहुधा खाली जुनं नाव तसंच असेल, वर पांढरी पट्टी, आणि पट्टीवर नवं नाव.

आता कारण. सिलेक्ट सेम तुम्ही काय बघता ते बघत नाही, ऑब्जेक्ट कसा बनलाय ते बघतं. लाल गोल ठिपका किमान पाच प्रकारे बनतो: लाल फिलचं वर्तुळ, फिल नसलेलं पण जाड लाल स्ट्रोकचं (कडेच्या रेघेचं) वर्तुळ, टाइप केलेला बुलेट, चित्रातले पिक्सेल, किंवा ग्रेडियंट, ज्याची दोन्ही टोकं लालच आहेत. कागदावर पाचही सारखे. सॉफ्टवेअरच्या लेखी पाच वेगळ्या जाती. फिल कलर विचारलंत तर पहिलीच जात हात वर करेल.

तुमचे चार ठिपके कोणत्या जातीचे आहेत ते बघायला कंट्रोल वाय दाबा. आउटलाइन व्ह्यूमध्ये रंग, जाडी सगळं उतरतं आणि नुसता सांगाडा दिसतो. तिथे काय दिसतं ते इथे लिहा.

रंगपेटी:

सर (सर म्हटलेलं चालेल ना?), कंट्रोल वाय केलं आणि अक्षरशः खुर्चीत सरळ बसले. नायगाव ते विरार तिथे वर्तुळंच नाहीत! एक सरळ रेघ आहे, एकच पाथ. स्ट्रोक पॅनल उघडलं तर डॅश्ड लाइन, डॅश ०, गॅप आहे, कॅप गोल.

आणि प्रभादेवीखाली एल्फिन्स्टन रोड खरोखरच आहे. सीएसएमटीखालीही जुनं नाव आहे, 'महाराज' नसलेलं, म्हणजे २०१७ च्या आधीचं.

जेजे_९४:

सर नको, दादा म्हणा.

ज्याने ते केलं तो हुशार माणूस होता. डॅशची लांबी शून्य, टोकं गोल, म्हणजे प्रत्येक डॅश हा स्ट्रोकच्या जाडीएवढा नुसता ठिपका होतो. समान अंतरावर ठिपक्यांची रांग काढायची ही जुनी आणि चांगली युक्ती आहे. पण स्टेशनांसाठी ती चुकीची. चार स्टेशनं मिळून एक ऑब्जेक्ट झाला, विरारला एकट्याला हात लावता येत नाही, आणि फिल नसल्यामुळे फिलच्या शोधात ती कधीच येणार नाहीत. ती रेघ काढून टाका, चार वर्तुळं कॉपी करून ठेवा.

रंगपेटी:

ठेवली. आता २६ च्या २६ येतात.

इंकस्केपशिकतोय:

मी कॉलेजात आहे, विकत घेतलेलं सॉफ्टवेअर नाही, फुकट मिळणारं इंकस्केप वापरतो. तिथेही एडिट मेनूत सिलेक्ट सेम आहे: फिल आणि स्ट्रोक दोन्ही, नुसता फिल, नुसता स्ट्रोक, स्ट्रोक स्टाइल आणि ऑब्जेक्ट टाइप. २०१५ च्या ०.९१ आवृत्तीत आलं ते. ऑब्जेक्ट टाइप मला फार उपयोगी पडतं, कारण फक्त वर्तुळं किंवा फक्त मजकूर वेगळा काढता येतो. पण पीडीएफमधून आलेलं वर्तुळ इंकस्केपला वर्तुळ वाटत नाही, ते पाथ म्हणून येतं. त्यामुळे पीडीएफवर ही युक्ती चालत नाही.

एक गोष्ट मात्र इंकस्केपमध्ये भारी आहे. एसव्हीजी ही शेवटी साधी मजकुराची फाइल असते. कंट्रोल एफ करून शोधाच्या पर्यायांत स्टाइल टिकमार्क करायचं आणि रंगाचा हेक्स कोड टाकायचा. तो रंग जिथे जिथे आहे, फिलमध्ये असो की स्ट्रोकमध्ये, सगळं सापडतं. ताईंची ती विरारची रेघ इथे लगेच सापडली असती. मला तर एकदा फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून रंगाचा कोड फाइंड-रिप्लेस करता आला, दोनशेच्या वर ऑब्जेक्ट होते.

जेजे_९४:

छान सांगितलंस. ऑफसेट छपाईला फाइल द्यायची असेल तर इंकस्केपचं सीएमवायके कमकुवत आहे एवढं ध्यानात ठेव. शिकायला त्याच्याइतकं पारदर्शक दुसरं काही नाही.

रेडियमवाला:

मी कुर्ल्याला रेडियम कटिंग आणि लेझरचं काम करतो, सगळं कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये. इलस्ट्रेटरचं जमत नाही. कोरलमध्ये हे कसं करायचं कोणी विचारलं तर लिहून ठेवतो.

जुन्या आवृत्त्यांत एडिट मेनूत फाइंड अँड रिप्लेस, त्यात फाइंड ऑब्जेक्ट्स. विझार्ड उघडतो आणि त्यात एक पर्याय आहे की आत्ता जे सिलेक्ट आहे तसेच शोध. एक ठिपका निवडून तेच वापरायचं. फाइंड ऑल केलं की खाली स्टेटस बारमध्ये किती ऑब्जेक्ट निवडले गेले तो आकडा येतो. त्या आकड्यावर माझी नजर कायम असते.

रंग बदलायचा असेल तर रिप्लेसमध्ये रिप्लेस अ कलर. तिथे फिलला लावायचं की आउटलाइनला (कडेच्या रेघेला) ते वेगळं विचारतं. लोक फक्त फिल करतात आणि आउटलाइन जुनीच राहते. दोनदा चालवा.

लेझरमध्ये रंगावरच सगळं असतं. आमच्याकडे लाल हेअरलाइन म्हणजे कापायचं, काळं म्हणजे कोरायचं. डिझाइनरने पाठवलेल्या फाइलमध्ये अर्ध्या रेघा एक लाल, अर्ध्या दुसऱ्या लाल असल्या की मशीन एकच ओळखतं आणि बाकीच्या सोडून देतं. तुकडा सुटतच नाही. गेल्या वर्षी मखराच्या जाळीचा एमडीएफचा अख्खा शीट असाच वाया गेला. पैसे माझे गेले.

आणि डबल ऑब्जेक्ट. एकाच जागी एकावर एक दोन कॉपी असल्या की दिसतं एकच, पण कटर दोनदा फिरतो. लेझरमध्ये कड करपते. ऑल्ट दाबून क्लिक केलं की खालचा ऑब्जेक्ट निवडला जातो. शंका आली की मी वरचा थोडा सरकवून बघतो.

प्लेटमेकर_गिरगाव:

धागा वाचला. ठिपक्यांचं झालं, पण ताई, मला तुमच्या मजकुराची काळजी वाटते. स्टेशनांची नावं कर्व्ह केलेली, म्हणजे टाइप न राहता नुसते आकार झालेली असणार. तो काळा कोणता काळा आहे ते बघितलंत का?

पीडीएफ कुठेतरी आरजीबीतून फिरून आलेली असेल तर शुद्ध काळ्याचा चार रंगी काळा होतो. नेहमी दिसणारा आकडा म्हणजे ७५/६८/६७/९०. बेरीज करा, ३०० टक्के शाई. मोठ्या ठोकळ्यात खपून जाते. पण १० पॉइंटच्या देवनागरीत ती चार प्लेटांवर (छपाईत एका शाईला एक प्लेट) जाते आणि एखादी प्लेट केसभर सरकली की शिरोरेषेच्या वर निळी किंवा लाल झाक येते. वेलांटी भरते, अनुस्वार पुसट होतो, रफाराचं तर विचारूच नका. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, फक्त डोळ्याला त्रास होतो. माझी सगळी नोकरी प्लेटा करण्यात गेली आणि आजही दर आठवड्याला अशी एक तरी फाइल येते.

तपासायचं सोपं आहे. विंडो मेनूत सेपरेशन्स प्रिव्ह्यू. ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करा आणि काळ्या प्लेटसमोरचा डोळा बंद करा. नुसत्या काळ्यात असलेली सगळी अक्षरं पडद्यावरून गेली पाहिजेत. जी राहतील ती चार रंगी. त्यातलं एक निवडा, सेममधून फिल अँड स्ट्रोक करा, आणि सगळ्यांना ०/०/०/१०० द्या. मग परत डोळा बंद करून बघा.

नुसतं फिल कलर घेऊ नका. एकाच काळ्यात नावंही असतील आणि पार्श्वभूमीचे ठोकळेही असतील. ठोकळ्यांना कधीकधी मुद्दाम गडद काळा दिलेला असतो, तो घालवू नका.

रंगपेटी:

काका, तुमच्यामुळे वाचले. काळी प्लेट बंद केली तर ठाण्याच्या पुढची सगळी नावं पडद्यावर तशीच. शहाड, आंबिवली, टिटवाळा, खालच्या बाजूला बदलापूर, वांगणी. पश्चिमेची बहुतेक गेली. म्हणजे मध्य रेल्वेचा तो भाग दुसऱ्याच कोणीतरी, दुसऱ्याच फाइलमधून आणून चिकटवलाय.

पण फिल अँड स्ट्रोक केलं तरी एका वेळी थोडीच नावं येतात, बाकीची राहतात. मग मी एकेका नावावर डबल क्लिक करून आत गेले, तिथे निवडून बघितलं, तर त्याच नावाची अक्षरं आली, दुसरी नाहीत.

जेजे_९४:

दुसरं आधी. डबल क्लिकने तुम्ही आयसोलेशन मोडमध्ये गेलात. तिथे असताना सिलेक्ट सेम फक्त त्या ग्रुपच्या आतच शोधतं. एस्केप दाबून बाहेर या, पांढऱ्या टोकाच्या बाणाने, म्हणजे डायरेक्ट सिलेक्शनने, अक्षर निवडा आणि मग करा.

पहिल्याचं कारण तीनांपैकी एक असेल. काही लेयर लॉक असतील. लॉक केलेलं आणि लपवलेलं सिलेक्ट सेमला दिसतच नाही. दुसरं, अक्षरांना बारीक स्ट्रोक असेल. पूर्वी देवनागरी ठळक करायला लोक फाँटवर स्ट्रोक चढवायचे, ते अजून चालू आहे. आणि तो स्ट्रोक एका ठिकाणी ०.७०९ पॉइंट, दुसऱ्या ठिकाणी ०.७१ असेल. पाव मिलिमीटर म्हणजे ०.७०९ पॉइंट, कोणी मिलिमीटरमध्ये काम केलं, कोणी पॉइंटमध्ये. नकाशा लहानमोठा करताना स्केल स्ट्रोक्सचा पर्याय चालू असेल तर आणखी वेगळे आकडे होतात. तिसरं, पारदर्शकता, पण फिल अँड स्ट्रोकमध्ये ती अडथळा आणायला नको.

मॅजिक वाँडच्या पॅनलमध्ये स्ट्रोक वेटलाही टॉलरन्स आहे. तो ०.१ पॉइंट ठेवा.

रंगपेटी:

दुसरंच कारण होतं. स्ट्रोक तीन जाड्यांचे निघाले. स्ट्रोक काढूनच टाकले, अक्षरं आता किती मोकळी दिसतायत! 'वांगणी'तला अनुस्वार पहिल्यांदा नीट दिसला.

निवांत मोकळी जागा:

मी आधी शिफ्ट क्लिक करा म्हणालो होतो. हा धागा वाचून माझी एक जुनी फाइल उघडली, त्यात पाच प्रकारचे निळे निघाले. एक विचारू? सगळं निवडलं गेलंय याची खात्री कशी करायची? नकाशात चारशे-पाचशे ऑब्जेक्ट असतात, नजर थकते.

चौकटीबाहेर:

दोन उपाय. विंडो मेनूत डॉक्युमेंट इन्फो पॅनल आहे, त्याच्या मेनूत ऑब्जेक्ट्स आणि सिलेक्शन ओन्ली निवडा. किती पाथ निवडलेत तो आकडा दिसतो.

दुसरा माझा आवडता. निवड झाली की कंट्रोल ३ दाबून ते लपवा. आता पडद्यावर जे लाल उरलंय ते सुटलेलं. नजरेला शंभर सारख्या ठिपक्यांत एक वेगळा शोधायला लागत नाही, रिकाम्या जागेत उरलेला एक ठिपका आपोआप दिसतो. तो सुधारला की ऑल्ट कंट्रोल ३. लपवलेलं सगळं परत येतं आणि निवडलेल्या अवस्थेतच येतं.

प्लेटमेकर_गिरगाव:

हे फार चांगलं आहे. आम्ही फिल्मच्या काळात लाइट टेबलावर एकावर एक फिल्म ठेवून जे बघायचो ते हेच, जे झाकलं जात नाही ते चुकलेलं.

जेजे_९४:

आता रंगपेटी, तुमचा दर सोमवारचा प्रश्न. निवड करून रंग बदलणं हा उपाय प्रत्येक वेळी पुन्हा करावा लागतो. रंगालाच नाव दिलं तर निवड करायची गरजच उरत नाही.

स्वॉचेस पॅनलच्या मेनूत ॲड यूज्ड कलर्स आहे. काहीही निवडलेलं नसताना ते करा. फाइलमध्ये वापरलेला प्रत्येक रंग ग्लोबल स्वॉच म्हणून पॅनलमध्ये येतो, म्हणजे एकदा बदलला की जिथे वापरलाय तिथे सगळीकडे बदलणारा रंग. कोपऱ्यात छोटा पांढरा त्रिकोण दिसला म्हणजे तो ग्लोबल. तुमच्या फाइलमध्ये तिथे लालांची रांग लागेल, ०/१००/१००, ०/९६/९८ आणि आणखी जे काही असतील ते. आता जो लाल ठेवायचाय त्यावर आधी क्लिक करा, मग कंट्रोल दाबून बाकीचे लाल निवडा, आणि मेनूतून मर्ज स्वॉचेस. पहिल्यांदा निवडलेला टिकतो, बाकीचे त्यात विरघळतात, आणि नकाशातले ठिपकेही बदलतात. त्या स्वॉचला 'पश्चिम' असं नाव द्या. पुढच्या सोमवारी स्वॉचवर डबल क्लिक, नवे आकडे, ओके.

ह्यात फिल आणि स्ट्रोक असा भेद राहत नाही. ती विरारची डॅश्ड रेघ तशीच असती तरी तिचा रंग बदलला असता. फोटोंतला आणि ग्रेडियंटमधला रंग मात्र ह्यातून बदलत नाही, ते हाताने बघा.

एक खोच आहे. ग्लोबल स्वॉचची फिकी छटा वापरली, समजा ४० टक्के, तर सिलेक्ट सेम त्या छटा आणि पूर्ण रंग एकच धरतं. छटा वेगळ्या हव्या असतील तर प्रेफरन्सेसच्या जनरलमध्ये सिलेक्ट सेम टिंट हा पर्याय चालू करा.

रेडियमवाला:

कोरलमध्ये ह्याला कलर स्टाइल्स म्हणतात, कंट्रोल एफ ६. मी आजवर कधी उघडलंच नव्हतं.

इंकस्केपशिकतोय:

दादा, आकाराचं काय? ताईंना ठिपके मोठेही करायचेत. २६ निवडून मोठे केले की सगळी लाइनच लांब होईल.

चौकटीबाहेर:

ऑब्जेक्ट, ट्रान्सफॉर्म, ट्रान्सफॉर्म ईच. शॉर्टकट ऑल्ट शिफ्ट कंट्रोल डी. प्रत्येक ठिपका आपापल्या केंद्राभोवती वाढतो, जागा सोडत नाही. फक्त ठिपका आणि नाव ग्रुप केलेले नसावेत, नाहीतर नावही मोठं होतं.

पण नव्याने काढताय ते सिम्बॉल म्हणून काढा. एक मूळ ठिपका, बाकी सगळे त्याची प्रत. मूळ मोठा केला की सगळे मोठे. आणि सिलेक्ट सेममध्ये सिम्बॉल इन्स्टन्स आहे, त्यामुळे निवडणंही निर्धोक. इंकस्केपमध्ये तेच काम क्लोन करतात, ऑल्ट डी.

रंगपेटी:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज काय काय झालं ते लिहिते, पुढे कोणाला अशीच पीडीएफ मिळाली तर उपयोग होईल.

आधी क्लिपिंग मास्क. सिलेक्ट मेनूत ऑब्जेक्ट, त्यात क्लिपिंग मास्क्स, असं केलं तर जवळजवळ प्रत्येक नावाभोवती एक अदृश्य चौकट निघाली. त्या काढल्या की ग्रुपच्या आत ग्रुप अशी गुंतागुंत खूपच कमी झाली. पण सगळ्या एकदम काढू नका. माझ्या फाइलमध्ये एक मास्क मंडळाच्या मूर्तीच्या फोटोवर होता, तो काढल्यावर फोटो पानभर पसरला. कंट्रोल झेड करून तो एक लॉक केला, कंट्रोल २, मग बाकीचे काढले.

मग पांढरं फिल निवडलं. त्यात दादर, वांद्रे, अंधेरीची वर्तुळंही आली म्हणून फिल अँड स्ट्रोक वापरलं. ११ पांढऱ्या पट्ट्या निघाल्या आणि त्यांच्याखाली ११ जुनी नावं. सगळी काढली. एल्फिन्स्टन रोड पुसताना जरा थांबले, खोटं कशाला बोलू. माझे आजोबा तिथे उतरून गिरणीत जायचे आणि शेवटपर्यंत 'एल्फिस्टन'च म्हणायचे.

मग ॲड यूज्ड कलर्स. ८३ स्वॉच आले! नकाशात मला वाटत होतं आठ-दहा रंग असतील. एकट्या पश्चिमेचे सात लाल होते, कारण रेघेचा, ठिपक्यांचा आणि मथळ्याचा लाल वेगळा. एकेक मर्ज करत १२ वर आणले. नावं दिली: पश्चिम, मध्य, हार्बर, ट्रान्स-हार्बर, मेट्रो १, २अ, ७, ३, मजकूर, समुद्र, जमीन, कागद.

मेट्रो ३ ची आरे ते कफ परेड २७ स्टेशनं सिम्बॉलने टाकली. मेट्रो १ ची वर्सोवा ते घाटकोपर १२ स्टेशनं जुन्या नकाशात होतीच, तीही सिम्बॉलवर बदलून घेतली. आता मरोळ नाक्याला दोन्ही लाइन मिळतात तिथे कोणतं वर्तुळ द्यायचं ह्यावर विचार चालू आहे.

प्लेटमेकर_गिरगाव:

दादरला दिलंय तसंच द्या, पांढरं आणि काळी कड. बदलायची जागा म्हटलं की माणसाची नजर तेच शोधते. आणि कडेचा काळा ०/०/०/१०० ना?

रंगपेटी:

हो काका, आत्ताच परत बघितला. 'मजकूर' स्वॉचच लावलाय.

जेजे_९४:

फाइल सोपवताना पीडीएफबरोबर मूळ इलस्ट्रेटर फाइलही मंडळाला द्या. आणि दुकानात एक प्रत ठेवा, नावात वर्ष घालून.

रंगपेटी:

दोन्ही करते दादा. मंडळाच्या कार्यकर्त्याला पेन ड्राइव्ह घेऊन बोलावलंय. मध्यचे ठिपके आज झाले, कर्जत आणि कसारा दोन्ही फाट्यांसकट. हार्बरला उद्या सकाळी हात लावते, वडाळ्याला लाइन फुटते तिथे अजून तीन ठिपके कुठल्या जातीचे आहेत ते कंट्रोल वायमध्ये बघायचेत.